तिसऱ्या माळ्यावरचा भोंगा

आमच्या गॅलरीत किस्से कसे साठतात ते मला विचारू नका. घरात पाय पसरायला जागा नाही, पोटमाळा कधीच भरला, पण किस्स्याला जागा लागते कुठे? एक सांगायला घेतला की दुसरा त्याचा शर्ट ओढत येतो. ऐकणारा म्हणतो, अण्णा, पुरे, गॅसवर दूध आहे. परवा नातसून म्हणाली, लिहून का काढत नाही? मी म्हटलं, बाई, मी चौथीत शाळा सोडली, माझं अक्षर मलाच वाचता येत नाही. ती म्हणाली, बोलता तसंच लिहा. म्हणून लिहितोय. कोणाला चुका काढायच्या असतील त्याने त्या आपल्या घरी काढाव्यात.

आमची चाळ परळला. चाळीच्या मागे कॉलेजचं मैदान. मध्ये एक भिंत, भिंतीच्या वर आमच्या गॅलऱ्या. फुटबॉलची लाइन इतकी खाली चिकटून जाते की थ्रो घेणाऱ्या पोराच्या डोक्यातला कोंडा दिसतो. चाळीतल्या आम्हा म्हाताऱ्यांपैकी कोणी त्या कॉलेजात शिकलेलं नाही. मी आत गेलो तो एकदा, पाणी प्यायला. तरी कॉलेज आमचं. टीम आमची. समोरची टीम कुठलीही असो, दुश्मन. आणि आमच्या टीमने इंटरकॉलेजचा कप आजवर एकदाही आणलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

तिसऱ्या माळ्यावर बसणारे आम्ही ठरलेले. मी. बाजूला पांडू घाडी, मालवणचा, माझ्याच मिलमध्ये माझ्याच खात्यात होता. पलीकडे कांबळे, बँकेतून रिटायर झालेला, आमच्यात तेवढाच शिकलेला, आणि त्याची बायको, कांबळेवहिनी. मी कोणाला सहसा मानत नाही. देवळात जातो ते पण तक्रार करायला. पण ह्या गॅलरीत बसून मी दोन-तीनदा असा गार पडलोय की तोंडातून शिवी सुद्धा निघाली नाही. ते सांगतो.

•

आधी भोंगा.

समोरच्या टीमचा पोरगा पाय धरून खाली पडला की सगळीकडे लोक काय करतात? हुर्यो करतात, शिट्ट्या मारतात. आमच्याकडे पांडू भोंगा वाजवायचा. तोंडाने. दोन्ही हातांची पोकळी करून असा काही आवाज काढायचा की मिल पाडून तिथे टॉवर उभे राहिले ते खोटं वाटावं. आधी खालून, मग वर वर, मग लांबच लांब. आणि शेवटी ओरडायचा, "पाळी सुटली रे मेल्या, घराक जा!" मग तिन्ही माळे हसायचे आणि खाली पडलेला पोरगा अर्धा लाजेनेच उठायचा.

एकदा दादरच्या कॉलेजचा एक पोरगा पडला. चांगलाच पडला होता, गुडघा सोलून निघालेला. पांडूने भोंगा दिला. पोरगा उठला, लंगडत लंगडत सरळ आमच्या खाली आला, मान वर केली आणि विचारलं, "काका, ओव्हरटाइम आहे काय?"

पांडूचे हात तोंडाशी तसेच राहिले. मी म्हटलं, सांग की, तू तर युनियनवाला.

पोरगा परत गेला आणि त्याच पायाने खेळला. पांडूने त्या दिवशी पुन्हा भोंगा वाजवला नाही. घसा बसलाय म्हणाला.

•

दुसरी आमची चाल बॉलची.

बॉल लाथेने उडून गॅलरीत आला की तो आमचा. आपण मागे असलो तर बॉल जमिनीला लागायच्या आत परत खाली. आपण पुढे असलो तर बॉल हरवायचा. पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून बाथरूमच्या बाजूला, तिथून जिन्यात. कांबळे म्हणायचा, "बॉल चहा प्यायला गेलाय, येईल." कॉलेज एका मॅचला एकच बॉल द्यायचं. दुसरा असायचा, पण तो कायम आमच्या पाण्याच्या टाकीवर अडकलेला.

एकदा रेफ्री तापला. शिट्टी गळ्यात, घामाने भिजलेला, तीन माळे चढून वर आला. बॉल द्या नाहीतर मॅच रद्द करतो म्हणाला. कांबळेवहिनींनी त्याला खुर्ची दिली. माणूस चढून आलाय, आधी पाणी घ्या म्हणाल्या. पाण्यामागून पोहे आले. रेफ्री नको नको म्हणत बसला. खाली बावीस पोरं कमरेवर हात ठेवून वर बघतायत.

पोहे खाता खाता रेफ्री कठड्यावरून खाली बघत राहिला. आता ओरडणार असं आम्हाला वाटलं. बराच वेळ बघून तो म्हणाला, "काय हो, इथून ऑफसाइड किती मस्त दिसतो."

•

मध्यंतरी कॉलेजच्या पोरापोरींनी आमच्यावर संस्कार करायला घेतले. हातात कागद, गळ्यात ओळखपत्र. म्हणाले, काका, जखमी खेळाडूची टिंगल बरी दिसत नाही, व्हिडिओ होतात, कॉलेजचं नाव जातं, सभ्य भाषेत प्रोत्साहन द्या. मी म्हटलं, सभ्य भाषा आम्हाला महाग पडते. पण कांबळे म्हणाला, देऊ की.

पुढच्या मॅचला समोरचा गोलकीपर चिखलात घसरून आडवा झाला. पांडू उभा राहिला, टोपी काढली आणि भाषणाच्या आवाजात म्हणाला, "माननीय गोलकीपर साहेब, आपण पडलात त्याबद्दल चाळीतर्फे आपले हार्दिक अभिनंदन. आपण असेच पडत राहावे ही सदिच्छा."

गोलकीपरला चिखलातच हसू फुटलं. तेवढ्यात आमच्या पोराने गोल मारला. कॉलेजची पोरं पुन्हा वर आली नाहीत.

•

कांबळेवहिनींची गोष्ट वेगळी. त्या कोणाच्याच टीमच्या नाहीत. भाजीवाल्यासाठी खाली सोडायची टोपली असते ना दोरीची, त्यात बर्फ, फडकं, हळद, बामाची बाटली भरून तयार. कोणीही पडला की टोपली खाली. आमचा असो, त्यांचा असो. पांडूचा भोंगा आणि वहिनींची टोपली, दोन्ही एकाच वेळी सुटायची.

पांडू चिडायचा. वहिनी, दुश्मनाला बर्फ? वहिनी म्हणायच्या, "त्याच्या आईला कळलं की मी बघत होते आणि काही केलं नाही, तर?" पांडू म्हणायचा, तिला कसं कळणार, ती तिकडे वांद्र्याला. वहिनी म्हणायच्या, "आयांना कळतं."

नाटकी पोरांवर पण ह्या टोपलीचा उपाय चालायचा. एक बेणं होतं, वारा लागला तरी लोळायचं. एकदा असंच लोळत होतं. टोपली त्याच्या नाकासमोर उतरली. वरून वहिनी म्हणाल्या, "बाळा, लाल झाकणाची बाटली घे. जिथे दुखतं तिथे भरपूर चोळ. डोळ्याला हात लावू नकोस. आग होईल, पण सहन कर."

पोरगा बाटलीकडे बघत राहिला. मग उठला आणि जो पळाला तो थेट आपल्या जागेवर.

•

आता गिरगावची.

मॅच त्यांच्या मैदानावर होती. आम्ही बस पकडून गेलो. तिथे त्यांची माणसं कठड्यावर बसलेली, आमच्यासारखीच खवट. त्यांचा पुढारी एक म्हातारा. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री, आणि आवाज असा की पांडूने सुद्धा मान डोलावली.

हाफटाइमनंतर आमच्या पोराची भुवई फुटली. रक्ताने तोंड भरलं, खाली बसला. आणि कठड्यावरची पोरं सुटली. टेम्पो बोलवा, परळला नेऊन टाका, आणि काय काय. पांडू लाल झाला. काय ही माणसं, पोराचं रक्त वाहतंय आणि ह्यांना मस्करी सुचते, लाज नाही. कांबळे शांतपणे म्हणाला, "पांडू, हा तुझाच भोंगा. बस पकडून आलाय फक्त."

पांडू काही बोलणार तेवढ्यात तो धोतरवाला म्हातारा उठला. मला वाटलं, आता हा कळस चढवणार. त्याने मैदानाकडे पाठ केली. तोंड आपल्याच माणसांकडे. छत्री जमिनीवर टेकवली आणि नुसता उभा राहिला. एकेकाकडे बघायचा. ज्याच्याकडे बघेल तो गप्प व्हायचा. हळूहळू अख्खा कठडा गप्प झाला. आमच्या पोराला पट्टी बांधली, तो उठला, खेळ सुरू झाला, तरी म्हातारा फिरला नाही. तसाच पाठ करून उभा. पुन्हा कोणी तोंड उघडतो का बघत.

आणि त्याच्या पाठीमागे त्यांच्या टीमने गोल मारला. काय गोल होता! अर्ध्या मैदानावरून. मी दुश्मन, पण माझ्या अंगावर काटा आला. कठड्यावर कोणाची ओरडायची हिंमत होईना.

म्हाताऱ्याने विचारलं, "काय झालं?"

एकजण घाबरत म्हणाला, "गोल झाला, नाना."

"कोणाचा?"

"आपला."

"मग आता ओरडा," म्हातारा म्हणाला, आणि खाली बसला.

परतीच्या बसमध्ये आम्ही हरल्याचं दुःख करत होतो. पांडू खिडकीला. लालबाग आलं. मग एकदम म्हणाला, "अण्णा, म्हाताऱ्यान गोल बघितलो नाय रे."

मी म्हटलं, बरं मग?

"असलो गोल. नि बघितलो नाय."

झोपेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं म्हणे, त्याच्या सुनेने सांगितलं.

•

शेवटचा सांगतो आणि थांबतो.

त्या वर्षी आमचं कॉलेज फायनलला गेलं. समोर पुन्हा गिरगाव, आणि मैदान आमचं. कॅप्टन किरण. किरण म्हणजे पांडूचा नातू. बाप कोविडात गेला, आई ब्लाउज शिवते. पोराचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. खाली टेबलाच्या बाजूला एका ऑफिसच्या टीमचे साहेब येऊन बसले होते. त्यांच्याकडे खेळाडूसाठी नोकरीची एक जागा होती. त्यांनी किरणच्या सरांना सांगून ठेवलं होतं, पोरगा चांगला आहे, पण कप जिंकून द्या, म्हणजे मला वर नाव पाठवायला तोंड राहील. ही गोष्ट अख्ख्या चाळीला माहीत. किरणच्या आईने त्या दिवशी मशीनला हात लावला नाही. दारात उभी.

गिरगावचा तो नाना पण आला होता. त्याच टोपीत. समोरच्या बाजूला छत्री घेऊन बसलेला.

एक गोल त्यांचा, एक आमचा. त्यांना मॅच पेनल्टीवर न्यायची होती, कारण त्यांचा कीपर तसाच होता, उंच, काटकुळा, हात गुडघ्याला लागतील असे. म्हणून त्यांची पोरं सारखी वेळ काढत होती आणि रेफ्री वैतागला होता. मॅच संपत आलेली. किरणने आमच्या खालच्या लाइनवरून बॉल गोलसमोर टाकला. आमचा पोरगा उडाला, त्यांचा कीपर उडाला. कीपरने बॉलला बुक्का मारला, आणि खाली आला तो खांद्यावर. त्यांच्या डिफेंडरने सुटलेल्या बॉलला आंधळी लाथ घातली. बॉल वर आला, कांबळेवहिनींच्या वाळत घातलेल्या चादरीवर आपटला आणि पांडूच्या मांडीत पडला.

रेफ्रीने हात दाखवला. थ्रो आमचा. आणि पाठ फिरवून मैदानाच्या मध्याकडे निघाला. त्यांची पोरं मागे धावली, सर, कीपर, सर, कीपर. त्याला वाटलं, पुन्हा वेळ काढतायत.

आता बघा. कीपर गोलच्या बाहेर, खांबाच्या बाजूला पालथा. गोल रिकामा. डिफेंडर रेफ्रीच्या मागे. आमचा पोरगा गोलसमोर एकटा. आणि आमच्या खाली लाइनवर किरण, दोन्ही हात वर करून.

"आजोबा, टाका!"

खालच्या माळ्यांवरून, आमच्या माळ्यावरून, जिन्यातून सगळी चाळ, टाक, टाक. मला वाटलं, पांडू आधी भोंगा देईल आणि मग बॉल टाकेल. भोंगा आला नाही. पांडू कठड्यावरून त्या कीपरकडे बघत होता. मग त्याने बॉल मांडीतून उचलला, खाली लादीवर ठेवला, आणि त्याच्यावर बसला.

गुडघे असे वाजले की मला ऐकू आले.

मी म्हटलं, "पांड्या, नातू आहे तुझा."

पांडू म्हणाला, "पोर हलत नाय, अण्णा."

मी बॉलला हात घालायला वाकलो. खोटं का सांगू, मी घातलाच असता. कांबळे मध्ये येऊन उभा राहिला. खालून किरणचा आवाज फाटला, "आजोबा, माझी नोकरी आहे ती!"

दारात त्याची आई. पांडूने तिच्याकडे बघितलं. मग खाली न बघताच नातवाला म्हणाला, "उठां दे त्याका, झिला. उठां दे."

चाळ ओरडत होती. मी आजवर समोरच्यांच्या पोरांना आमच्या गॅलरीने घातलेल्या शिव्या ऐकल्यात. त्या दिवशी त्या सगळ्या पांडूला पडल्या. पांडू बसलेला. अंड्यावर कोंबडी बसते तसा.

शेवटी रेफ्रीने वळून बघितलं आणि शिट्टी मारली. सगळे धावले. कीपरचा खांदा उतरला होता, बेशुद्ध पण झाला होता थोडा. वहिनींनी टोपली सोडली, आणि मग चादर पण खाली टाकली. त्याच चादरीत घालून पोरांनी त्याला उचललं. लाइनने नेत होते, आमच्या खालून. तिन्ही माळे कठड्याला, आणि एक आवाज नाही. आमच्या बरोबर खाली आल्यावर पोराने डोळे उघडले आणि चांगला हात जरासा वर केला.

तेव्हा पांडू उठला. मला धरून उठला. बॉल अलगद खाली सोडला, किरणच्या हातात.

त्यांच्याकडे दुसरा कीपर नव्हता. एका डिफेंडरने ते मोठे मोठे हातमोजे घातले आणि गोलमध्ये उभा राहिला, तोंड पांढरं पडलेलं. थ्रो अजून आमचाच. आमचा पोरगा हात करतोय, इकडे टाक. किरणने एकदाही वर बघितलं नाही. बॉल डोक्याच्या मागे नेला आणि फेकला, सरळ त्या नवख्या कीपरच्या हातात. पोरगा बॉल छातीशी धरून किरणकडे बघत राहिला. मी खाली बसलो.

मग पेनल्टी झाल्या. त्या मोठ्या हातमोज्यांना लागून शेवटची बाहेर गेली. किरणची. ऑफिसचे साहेब त्याच्या आधीच उठून गेले होते.

कप गिरगावला दिला. फोटो, टाळ्या, सगळं. पण समोरच्या बाजूला तो नाना उभा राहिला, कपाकडे पाठ केली आणि आमच्या गॅलरीकडे तोंड करून उभा राहिला. छत्री टेकवून. कप देऊन होईपर्यंत तसाच. मी पांडूला म्हटलं, बघ. पांडूने बघितलं. भोंगा द्यायला हात तोंडाकडे नेले, आणि परत खाली घेतले.

काळोख पडायला लागला. किरण वर येईना. पांडूची सून दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आली. चाळीत सगळ्यांनी दारं उघडी ठेवून आत बसायचं काम चालवलेलं. पांडू होता तिथेच, भिंतीला टेकून उभा. खुर्ची दिली तर नको म्हणाला.

मग जिन्यात बुटांचा आवाज आला. किरण आला. गुडघ्यापर्यंत माती, डोळे लाल, काखेत मॅचचा बॉल. हरलेल्या कॅप्टनला बॉल कोणी दिला, का त्याने मागून घेतला, मला माहीत नाही. आईच्या पुढून गेला, माझ्या पुढून गेला, पांडूच्या समोर येऊन थांबला. म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघतोय, पोरगा लादीकडे.

किरण वाकला. बॉल लादीवर ठेवला, बरोबर त्याच जागी.

"बसा," म्हणाला.

पांडूने माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झालो.

पांडू बसला. ह्या वेळी गुडघे वाजले नाहीत. किरणने त्याचा कोपर धरला होता.